खराट्यावरचं स्कीइंग: मुंबईतल्या एका सराव-उताराचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातला आमचा गिर्यारोहण क्लब. सह्याद्रीतली भटकंती हे मुख्य काम, पण गेली काही वर्षं दर हिवाळ्यात बारा ते सोळा वयाच्या मुलांची एक तुकडी आम्ही स्कीइंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी उत्तरेला नेतो. या तुकड्यांचं नियोजन माझ्याकडे असतं. पेशाने मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे पुढे उतार, पाया, पाणी ही कामंही आपसूक माझ्याच गळ्यात पडली. संस्था, शाळा आणि माणसं यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. तारखा आणि मोजमापं आमच्या नोंदवहीतली आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गुलमर्गला पोचलो तेव्हा समोर तपकिरी गवत होतं. त्या महिन्यात गुलमर्ग कोरडं पडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. आमच्या मुलांनी ते दृश्य तिथे उभं राहून पाहिलं. प्रशिक्षकांनी त्यांना चालवलं, धाववलं, गवतावर स्की बांधून उभं राहायला शिकवलं. महिना सरता सरता बर्फ पडला, तोवर आम्ही परतीच्या गाडीत होतो. एका मुलीने जम्मूपासून मुंबईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तिच्या आईने शिवणकाम करून वर्षभर पैसे साठवले होते, हे मला ठाऊक होतं.

अडचण

बर्फ पडणं न पडणं आपल्या हातात नाही. पण त्याआधीची एक अडचण आम्हाला दरवर्षी दिसत होती. दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमातले पहिले चार दिवस मुंबईची मुलं कडक प्लास्टिकच्या बुटात पाय घालायला, बाइंडिंग (बूट स्कीला जखडणारी पकड) लावायला आणि पडल्यावर उठायला शिकण्यातच घालवतात. काश्मीरची मुलं त्याच चार दिवसांत वळणं घ्यायला लागलेली असतात. मुंबईत वर्षभर सराव करता आला तर हे चार दिवस वाचतील का, हा आमचा प्रश्न. मुंबईत स्की रिसॉर्ट काढायचं कुणाच्या मनात नव्हतं.

बर्फाशिवाय स्की करणं ही कल्पना जुनी आहे. पूर्व जर्मनीतल्या हान्स रेनर यांनी १९५४ मध्ये स्की-उडीच्या उतारावर प्लास्टिकच्या चटया अंथरून उन्हाळ्यात सराव सुरू केला. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून ब्रशच्या चटयांचे उतार झाले. एडिनबराजवळच्या हिलेंडचा उतार त्या काळापासून आजवर चालू आहे. कोपनहेगनमध्ये तर २०१९ पासून लोक कचरा जाळून वीज बनवणाऱ्या कारखान्याच्या छपरावरून कृत्रिम पृष्ठभागावर स्की करतात. अशा बिनबर्फाच्या, म्हणजे ‘कोरड्या’ उतारावर शिकून ऑलिम्पिकपर्यंत गेलेले ब्रिटिश खेळाडू आहेत. म्हणजे हे होतं, यात शंका नव्हती. मुंबईच्या हवेत होतं का, एवढाच प्रश्न उरला होता.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय, मॉलमधल्या बर्फाच्या दालनात सराव. तिथे गारवा खरा, बर्फही खरा, पण उतार घसरगुंडीपुरता आणि वेळ तिकिटावर. दुबईत २००५ पासून मॉलमध्ये चारशे मीटरचा बर्फाचा उतार आहे. तो शून्याखाली ठेवायला किती वीज लागत असेल याचा अंदाज बांधतानाच आम्ही वही मिटली.

दुसरा पर्याय मला मनापासून आवडला होता: फिरता गालिचा. ट्रेडमिलसारखा तिरपा पट्टा उलट दिशेने वर सरकत राहतो आणि स्की करणारा एकाच जागी उतरत राहतो. समोर आरसा, धरायला दांडी, वेग प्रशिक्षकाच्या हातात. एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात हे यंत्र मावतं आणि पावसाचा त्याला उपद्रव नाही. पण यंत्राची आयात, थ्री-फेज वीज आणि गाळ्याचं भाडं मिळून बेरीज आमच्या क्लबच्या दहा वर्षांच्या जमाखर्चापुढे गेली. ज्या मुलांसाठी हे करायचं, त्यांच्याकडूनच ते पैसे वसूल करावे लागले असते.

तिसरा, इनलाइन स्केटिंग. मुंबईत रिंक आहेत, शिकवणारे आहेत. तोल आणि गुडघ्यांची लवचिकता यासाठी उत्तम. मात्र स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवून वेग कमी करायचा, ज्याला स्नोप्लाउ म्हणतात, ते चाकांवर स्कीसारखं शिकता येत नाही. आणि नवशिक्याचा जीव वाचतो तो नेमका स्नोप्लाउने.

चौथा, ब्रशची चटई. एका युरोपीय केंद्राने नवा पृष्ठभाग बसवला होता आणि जुन्या चटया ते स्वस्तात काढत होते. त्यांचे दोन मुख्य प्रकार असतात. जुन्या पद्धतीत प्लास्टिकच्या ताठ केसांच्या पट्ट्या जाळीसारख्या जोडलेल्या असतात आणि मधे तळहाताएवढी मोकळी भोकं राहतात. नव्या पद्धतींत पृष्ठभाग सलग असतो, खाली गादीचा थर असतो, पडलं तर कमी लागतं. किंमत अर्थातच कैक पट. आम्ही जुनी जाळी घेतली. हा पहिला निर्णय, आणि तो घेताना किंमत ह्याच एका गोष्टीला आम्ही गरजेपेक्षा जास्त वजन दिलं.

उभारणी

जागा मिळाली ती एका विश्वस्त संस्थेच्या शाळेची. मैदानाच्या कडेला मातीचा बांध होता, तिथे मुलं बसून सामने बघायची. तो आम्ही भरून, दाबून, अकरा अंशांवर आणला. लांबी १८ मीटर, रुंदी ४ मीटर, म्हणजे वरून खालपर्यंतची उंची जेमतेम साडेतीन मीटर. खाली थांबण्यासाठी ८ मीटर सपाट पट्टा, त्यापुढे वाळूच्या पिशव्यांचा हलका चढ.

अकरा अंश ठरवण्याआधी एक दुपार आम्ही एका फळीवर चटईचा तुकडा ठोकून, त्यावर वजन बांधलेली स्की ठेवून, फळी एकेक अंश वर उचलत मोजमाप केलं. चटई कोरडी असताना स्की चौदा अंशांपर्यंत ढिम्म राहिली. ओली केली तशी दहाच्या आसपास सरकली. या प्रयोगाचा खरा अर्थ आम्हाला पुढे चार महिन्यांनी कळला: स्कीला ‘बर्फ’ म्हणून जे लागतं ते चटई नव्हे, चटईवरचं पाणी. ब्रश त्या पाण्याला धरून ठेवतो, एवढंच.

पाण्यासाठी दोन्ही कडांना तुषार-नळ्या लावल्या. खाली नाली, नालीतून दोन हजार लिटरची टाकी, टाकीतून पंपाने पाणी पुन्हा वर. नालीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली, कारण घर्षणाने ब्रशचे केस तुटतात आणि ते गटारात जाऊ द्यायचे नव्हते. दर आठवड्याला त्या जाळीतून मूठभर निळसर केस निघायचे. टाकीला घट्ट झाकण हेही पहिल्याच दिवशी ठरलं. मुंबईत साचलेलं पाणी उघडं ठेवणं म्हणजे डेंग्यूच्या डासांना आवतण.

चटया मे २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात बंदरातून सुटल्या, जूनच्या सुरुवातीला अंथरल्या गेल्या. मुलांनी पहिल्या दिवशी ब्रशवरून हात फिरवला आणि नाव ठेवलं, ‘खराटा’. ते कायमचं चिकटलं.

पहिला पावसाळा

मी छत्र्या आणि ताडपत्र्या घेऊन तयार होतो. गरज पडली नाही. रिमझिम पावसात खराटा इतका छान चालायचा की पंप लावायचंच कारण नव्हतं. सगळी चटई एकसारखी ओली, हवा त्यातल्या त्यात थंड, आणि उन्हाचा पत्ता नाही. सकाळी साडेसहाला मुलं यायची. पूर्ण बाह्यांचे शर्ट, जाड पँट, हातमोजे ही सक्ती होती, कारण ब्रशवर उघडी कातडी घासली तर भाजल्यासारखी सोलवटते. जुलैत हे कपडे सहन व्हायचे.

सामानाने मात्र वेगळा धडा दिला. स्कीच्या लोखंडी कडांना खारट हवेने आठवड्यात गंज धरायचा. प्रत्येक सत्रानंतर पुसून तेलाचं बोट फिरवणं हे मुलांचं काम झालं. देणगीत आलेले जुने बूट त्याहून वाईट. ट्रेकिंगच्या जुन्या बुटाचा तळवा पावसाळ्यात अचानक सुटतो हे आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेकरला माहीत असतं. कित्येक स्कीबुटांचं कवच पॉलियुरेथेनचं असतं आणि दमटपणात वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेही आतून कुजतं. वरून ठणठणीत दिसणारा एक बूट बकल आवळताना घोट्यापाशी चिनीमातीच्या बशीसारखा तडकला. मुलगा अजून उतारावर चढला नव्हता म्हणून बरं. त्या दिवसापासून प्रत्येक जुना बूट आधी टेबलावर वाकवून, दाबून पाहायचा असा नियम केला.

सप्टेंबरअखेर चौदापैकी अकरा मुलं स्नोप्लाउने हवं तिथे थांबू शकत होती. आम्ही खूश होतो. इतके, की ज्या नळ्या आम्ही जेमतेम चार-पाच वेळा चालवल्या होत्या त्यांची नीट चाचणी घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरची सकाळ

पाऊस गेला, ऑक्टोबरची काहिली सुरू झाली. बोअरवेलचं पाणी जड. त्यातल्या क्षारांनी डाव्या बाजूच्या नळ्यांची तोंडं पांढरी पडून अर्धी बुजली होती. त्यात वारा आडवा. उताराच्या खालच्या तिसऱ्या भागात, डावीकडे, साधारण दीड मीटरचा पट्टा कोरडा राहत होता. पावसाळ्यात ही उणीव पावसाने झाकली होती.

तेरा वर्षांची एक मुलगी, आमच्यातली सर्वात स्थिर, त्या पट्ट्यावर आली. ओल्यावरून कोरड्यावर जाताना स्की जणू कुणी मागून धरली. शरीर पुढे गेलं, पाय मागे राहिले. पडताना तिने तळहात उघडा टेकवला. अंगठा चटईच्या भोकात गेला आणि शरीर पुढे सरकत राहिलं.

मी खाली उभा होतो. ती रडली नाही. हातमोजा काढायला गेली आणि थांबली.

अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जो अस्थिबंध असतो तो ताणून अर्धवट फाटला होता. शस्त्रक्रिया लागली नाही. सहा आठवडे अंगठा स्प्लिंटमध्ये राहिला. जाळीच्या चटयांवर ही दुखापत इतकी नेहमीची आहे की ब्रिटनमधल्या कोरड्या उतारांवर मुठी मिटून पडायला शिकवतात. आम्ही हे वाचलं होतं, मुलांना एकदा सांगितलंही होतं. एकदा सांगणं आणि अंगवळणी पाडणं यांत फरक असतो.

त्या संध्याकाळी पालकांची बैठक घेतली. मुलीचे बाबा शांतपणे म्हणाले, “सर, तुमच्या फॉर्मवर ‘किरकोळ खरचटणे’ लिहिलं होतं. अंगठ्याचं तुम्हाला माहीत होतं ना?” माहीत होतं. मी तसंच सांगितलं. फॉर्म लिहिताना पालक घाबरतील म्हणून सौम्य शब्द वापरले होते, आणि तो शब्द मीच निवडला होता.

निर्णयाचा क्षण

समितीपुढे तीन वाटा होत्या. उतार कायमचा बंद करणं. चटई काढून सलग पृष्ठभाग येईपर्यंत थांबणं. किंवा आहे त्यावर सुधारणा करून जानेवारीपर्यंत चालवणं. ज्येष्ठ सदस्य असलेल्या एका काकूंचं मत बंद करण्याकडे होतं. “आपण डोंगरात दोर तपासल्याशिवाय कुणाला सोडतो का?” असा त्यांचा प्रश्न होता. मी सुधारणेच्या बाजूने होतो. आज मागे वळून पाहता त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर अपुरं, पण बहुमत सुधारणेच्या बाजूने गेलं.

तीन आठवडे उतार बंद ठेवला. नळ्या उजवी-डावीकडून आलटून-पालटून लावल्या, टाकीत येणाऱ्या पाण्यासाठी मृदुकरणाचं छोटं यंत्र बसवलं. प्रत्येक सत्राआधी एक मोठा माणूस अनवाणी पायाने चटईभर फिरून कोरडी जागा शोधणार, ती सापडली तर सत्र रद्द, असं ठरलं. नवशिक्यांच्या हातातले पोल, म्हणजे स्कीच्या काठ्या, काढून घेतले, कारण पोल हातात असला की मूठ नीट मिटत नाही. हातमोज्यांऐवजी चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन आणले आणि अंगठा आत घालून मूठ वळायची सवय रोज गवतावर वीस वेळा पडून करून घेतली. फॉर्मवर अंगठ्याच्या दुखापतीचं वर्णन स्पष्ट लिहिलं. चौदापैकी तीन पालकांनी मुलं काढून घेतली. त्यात दुखापत झालेल्या मुलीचे पालक नव्हते.

कॉलेजातली दोन मुलं स्नोबोर्ड घेऊन मागे लागली होती. त्यांना नाही म्हटलं. बोर्डवर दोन्ही पाय बांधलेले, कड अडकली की माणूस आडवा फेकला जातो आणि मनगट सापडतं. जाळीच्या चटईवर ती जोखीम घ्यायची आमची तयारी नव्हती.

गुलमर्ग, जानेवारी २०२५

डिसेंबरअखेर काश्मीरात भरपूर बर्फ पडला आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आमची अकरा मुलं तिथे होती. वेळ साधली गेली, असंच म्हणायचं. पुढच्याच महिन्यात बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

पहिल्या दिवशी तासाभरात सगळी बूट-बाइंडिंग लावून उभी होती. चार दिवस वाचावेत अशी आमची आशा होती. प्रत्यक्षात दोन वाचले. बाकीचे दोन कुठे गेले, हे समजून घेण्यासारखं आहे. खराट्यावर घर्षण जास्त असतं. वळण घ्यायला स्कीची कड ठामपणे रुतवावी लागते आणि वेग कधी हाताबाहेर जात नाही. बर्फावर तीच मुलं त्याच जोराने कड रुतवत होती आणि स्की भलतीकडेच पळत होती. वेगाचा अंदाज तर सगळ्यांचाच चुकला. दोघं पहिल्याच उतारावर खालच्या जाळीत जाऊन थांबली, सुदैवाने हसत. तिथल्या प्रशिक्षकांनी एक दिवस केवळ ‘हळू कसं जायचं’ यावर घालवला. त्यांनी आम्हाला सांगितलं की मुलांची उभं राहण्याची ढब उत्तम आहे, गुडघे पुढे आहेत, आणि घाबरून मागे झुकण्याची नवशिक्यांची खोड एकातही नाही. ब्रशच्या चटईवर मागे झुकणारा टिकतच नाही, म्हणून असेल.

अंगठा बरा झालेली मुलगी त्यात होती. दुसऱ्या आठवड्यात ती मधल्या उतारावरून एकटी खाली आली. बर्फात पडतानाही तिची मूठ मिटलेली होती.

दुसरा पावसाळा आणि शेवट

एप्रिल-मेमध्ये ऊन इतकं होतं की सकाळी आठनंतर चटईला हात लावता येत नव्हता. सत्रं बंद ठेवली. चटया उचलून खालचा भराव तपासायचा, धूप झालेली माती पुन्हा दाबायची, हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवलं. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्याआधी उरकेल असा हिशोब. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला.

चटईवर पडणारं पाणी आम्ही नालीत नेलं होतं, पण बांधाच्या वरच्या बाजूने, मैदानाकडून येणारं पाणी चटईखाली शिरत होतं. पहिल्या वर्षी माती नवी दाबलेली असल्याने ती टिकली. दुसऱ्या वर्षी वरचा तीन मीटरचा भाग आतून पोखरला. चटई वरून सपाट दिसत होती. पाय ठेवला की मचकन खाली जात होती. त्यात ब्रशच्या मुळाशी हिरवं शेवाळ. गेल्या पावसाळ्यात जो उतार चालवताना आम्ही पावसाचे आभार मानत होतो, तो त्याच पावसाने पंधरा दिवसांत निकामी केला.

या वेळी कुणी वाद घातला नाही. जूनच्या मध्याला चटया उचलल्या, धुतल्या, गुंडाळल्या. शाळेला बांध पूर्ववत करून दिला.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी पाणी, मग चटई. म्हणजे पाण्याची तपासणी, मृदुकरण, वाऱ्याची दिशा आणि नळ्यांची चाचणी हे सगळं कोरड्या हवेत, एकही मूल उतारावर नसताना. आम्ही पावसाळ्यात सुरुवात केली, त्यामुळे आमची सगळी यंत्रणा न तपासताच पास झाली. फेब्रुवारीत उभारणी करून मार्चच्या कोरड्या वाऱ्यात ती चालवून दाखवली असती तर तो दीड मीटरचा पट्टा पहिल्याच सकाळी सापडला असता.

जाळीची चटई मी मुलांसाठी पुन्हा घेणार नाही. अर्धा उतार झाला तरी चालेल, पण पृष्ठभाग सलग हवा. नऊ मीटरवरही उभं राहणं, थांबणं, पडणं शिकवता येतं. आमच्या अकरा मुलांना गुलमर्गला जे उपयोगी पडलं ते सगळं पहिल्या नऊ मीटरमध्येच शिकलेलं होतं. आणि वर चर खणून मैदानाचं पाणी बाहेरूनच वळवायचं. डोंगरातल्या वाडीवरचा कुठलाही शेतकरी घरामागे तो चर खणतो. अभियंता असून मला तो सुचला नाही याची रुखरुख आहे.

बर्फावर पहिल्या दिवशी वेग जास्त वाटेल, कड कमी रुतवा, हे मुलांना मुंबईतच समजावून सांगायला हवं होतं. इनलाइन स्केटिंगचा पर्याय आम्ही एका वाक्यात बाद केला, तोही घाईने. खराट्यावर वेगाची सवय होत नाही, चाकांवर होते. आठवड्यातून एक दिवस रिंक ठेवला असता तर गुलमर्गचा तो एक दिवस कदाचित वाचला असता.

सध्या

एका मॉलमधून आठवडाअखेरच्या करमणुकीसाठी चटया भाड्याने मागितल्या होत्या. कपड्यांची सक्ती आणि मुठीचा सराव तिथे होणार नाही, म्हणून दिल्या नाहीत. त्या एका सदस्याच्या गाळ्यात उभ्या करून ठेवल्या आहेत. दुसऱ्या एका शाळेने छपराखालची, कधीकाळी सायकलींसाठी बांधलेली सिमेंटची उतरण दाखवली आहे. नऊ मीटर लांब, मोजली तर साडेदहा अंश. सलग पृष्ठभागाचे नमुने दोन ठिकाणांहून मागवलेत. तिथल्या बोअरवेलच्या पाण्याचा अहवाल अजून यायचाय. तो हातात येईपर्यंत काही ऑर्डर करायचं नाही, असं काकूंनी बैठकीच्या वहीत लिहून त्याखाली माझी सही घेतली आहे.